एका कोरीव चौकटीचे वय: दडलेल्या बाजूंनी दिलेली साक्ष

परीक्षणासाठी आलेली लाकडी चौकट ३८ सें.मी. उंच आणि ३३ सें.मी. रुंद होती, पण तिच्यातली चित्राची जागा जेमतेम १४ बाय ९ सें.मी. भरत होती. उरलेला सगळा भाग लाकडाच्या पातळ थरांनी व्यापलेला होता. रुंद थरावर थोडा अरुंद थर, त्यावर आणखी अरुंद, असे पाच थर पायऱ्यांसारखे चढत गेले होते आणि प्रत्येक थराची कड चाकूने लहान लहान त्रिकोणी खाचा घेऊन दातेरी केलेली होती. चारही कोपऱ्यांवर याच पद्धतीने रचलेले चौकोनी मनोरे होते आणि त्यांच्या माथ्यावर बदामाच्या आकाराचे तुकडे बसवलेले होते. आत काचेखाली एका दांपत्याचे तपकिरी छायाचित्र होते.

चौकटीबरोबर तीन विधानेही आली होती. चौकट दोनशे वर्षांपूर्वीची आहे, तिच्यात एकही खिळा नाही, आणि आतला जुना फोटोच तिच्या वयाचा पुरावा आहे. मालकांनी ही विधाने प्रामाणिकपणे केली होती. त्यांना ती वस्तूसोबतच मिळालेली होती. घरोघरी जपलेल्या वस्तूंच्या बाबतीत असे नेहमीच होते, आणि अशा आठवणी थेट झिडकारू नयेत, कारण त्यांतली एखादी गोष्ट अनेकदा खरी निघते. या प्रकरणात तिन्ही विधाने टिकली नाहीत, पण ती का टिकली नाहीत हे पाहतानाच चौकटीचे खरे वय हाती आले.

वस्तू किती जुनी आहे, असा प्रश्न विचारला की उत्तर अंदाजाने द्यावे लागते. त्याऐवजी ‘ही वस्तू कोणत्या सालाच्या आधी बनूच शकली नसती’ असा प्रश्न प्रत्येक भागाला वेगवेगळा विचारला, तर उत्तर पुराव्याने देता येते. चौकट ही एकच वस्तू दिसत असली, तरी तिच्यात तळाचे लाकूड, वरचे थर, खिळे, सरस, पॉलिश, काच, पाठीचा फळा आणि चित्र असे अनेक भाग असतात आणि त्या प्रत्येकाचा जन्म वेगळ्या काळात झालेला असू शकतो. त्यांपैकी जे भाग मुळापासूनचे आहेत, त्यांतला सर्वांत अलीकडचा भाग चौकटीची खालची कालमर्यादा ठरवतो. नंतर बदललेले भाग फक्त दुरुस्तीचा काळ सांगतात. हे साधे वाटते, पण मूळ भाग कोणता आणि नंतरचा कोणता, हे ठरवण्यातच बहुतेक वेळ जातो.

त्यामुळे परीक्षणाची सुरुवात चौकट पालथी घालून झाली. समोरची बाजू दाखवण्यासाठी असते. कारागीर तिथे हत्यारांच्या खुणा पुसून टाकतो आणि पुढचे मालक तिला पुसत, रंगवत, चमकवत राहतात. मागची बाजू कोणी सजवत नाही.

पाठीला तपकिरी हार्डबोर्ड होता, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने जाळीच्या ठशाचा. दाब देऊन बनवलेला या जातीचा फळा १९२०च्या दशकात प्रचारात आला, म्हणून तो एकोणिसाव्या शतकातल्या वस्तूचा मूळ भाग असू शकत नाही. तो काढल्यावर चित्राच्या खोबणीच्या कडेला खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा दिसल्या. एका रांगेत हार्डबोर्डचे चकचकीत खिळे होते. दुसरी रांग रिकामी होती आणि तिच्या प्रत्येक भोकाभोवती लाकडाच्या तंतूंत गंजाचा तांबूस डाग मुरलेला होता. म्हणजे आधी दुसरी पाठ होती, ती बराच काळ होती, आणि हार्डबोर्ड नंतर आला. त्याच्यावरून चौकटीचे वय कमी करणे जितके चुकीचे, तितकेच त्याच्याकडे दुर्लक्ष करणेही.

काचेचा निर्णय लवकर लागला. जुन्या फुगवून केलेल्या काचेत तिरप्या उजेडात लाटा आणि क्वचित बारीक बुडबुडे दिसतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या यंत्राने ओढलेल्या काचेतही समांतर लहरी असतात. ही काच मात्र पूर्ण सपाट होती. कमी तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली, म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात, तिची एक बाजू दुधट चमकली आणि दुसरी चमकली नाही. वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवलेल्या काचेची कथिलाला टेकलेली बाजू अशी चमकते, आणि ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. काच त्यानंतरची. ती खोबणीच्या मानाने जाड असल्याने किंचित वर उचललेली होती, आणि बहुधा ती बसवतानाच हार्डबोर्ड लागला असावा.

तळाची चौकट नरम, फिकट लाकडाच्या चार पट्ट्यांची होती. प्रत्येक पट्टी सुमारे १२ मि.मी. जाड होती आणि कोपऱ्यात दोन्ही पट्ट्यांची अर्धी जाडी काढून त्या एकमेकींवर बसवल्या होत्या. चौकटी बनवणारे व्यावसायिक कारागीर सहसा ४५ अंशांत कापून सांधा जुळवतात. एकावर एक बसवलेला हा सांधा घरच्या हत्यारांनीही जमतो आणि वरचे थर तो झाकून टाकतात. पट्ट्यांच्या मागच्या अंगाला रंधा फिरवलेला नव्हता. तिथे करवतीच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या आणि त्या कमानदार होत्या. दोन माणसांनी वर-खाली ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ, तिरप्या आणि कमीजास्त अंतरावर पडतात. पाण्यावर चालणाऱ्या उभ्या करवतीच्या खुणा सरळच, पण नियमित असतात. कमान पडते ती गोल करवतीने. गोल करवतीचे इंग्लंडमधले पेटंट १७७७ चे असले, तरी तिने कापलेले लाकूड सर्वत्र मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकात, विशेषतः त्याच्या मध्यापासून. दोनशे वर्षांचा दावा इथेच डळमळीत झाला, मात्र निकालात निघाला नाही.

सांध्यांत एका ठिकाणी सुमारे दीड मि.मी. फट पडली होती. लाकूड वाळताना रुंदीत आकसते आणि लांबीत जवळजवळ आकसत नाही, म्हणून दोन पट्ट्या एकमेकींना आडव्या जोडलेल्या असल्या की अशी फट पडतेच. विकणारे आणि विकत घेणारे, दोघेही या फटीला वयाचा दाखला मानतात. तसे मानणे बरोबर नाही. पुरते न वाळलेले लाकूड वापरले, तर एवढी फट काही ऋतूंतच पडते. तळाच्या पट्ट्यांत दीड ते दोन मि.मी. व्यासाची गोल भोकेही होती, आणि ती लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने बाहेर पडताना पाडलेली होती. वरच्या थरांत मात्र एकही भोक नव्हते. हा फरक महत्त्वाचा ठरला, कारण त्यावरून दोन जागी दोन वेगळी लाकडे आहेत आणि वरच्या लाकडाला कीड सहज लागत नाही, हे कळले.

वरच्या थरांचे लाकूड तांबूस तपकिरी, वजनाला हलके आणि सरळ तंतूंचे होते. न दिसणाऱ्या एका कडेवर पात्याने जरासे खरवडल्यावर मसालेदार, गोडसर वास आला. दहापट भिंगाखाली आडव्या कापावर वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग आणि पुढे लहान, विरळ छिद्रे दिसली. ही सगळी लक्षणे सेड्रेला या मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या झाडाशी जुळतात. व्यापारात याला स्पॅनिश सीडर म्हणतात, पण हे झाड देवदाराच्या कुळातले नसून महोगनीच्या कुळातले आहे. त्याचा वास किड्यांना मानवत नाही आणि तंबाखूला मानवतो, म्हणून सिगारच्या पेट्यांसाठी ते पहिल्या पसंतीचे होते.

लाकूड ओळखल्यावर थरांची रचनाही वेगळी दिसू लागली. सर्वांत खालचा थर प्रत्येक बाजूला दोन-तीन तुकडे जोडून केलेला होता आणि जोड वरच्या थराखाली येतील अशी काळजी घेतली होती. फळी लांब असती, तर हा खटाटोप कोणी केला नसता. सगळ्या तुकड्यांची जाडी ४ ते ५ मि.मी. एवढीच होती, आणि तीही हाताने रंधून आणलेली नव्हती. ते आधीपासून तेवढेच पातळ होते. हा कारागीर नवे लाकूड विकत आणत नव्हता, कशाच्या तरी पातळ, आखूड फळ्या मोडून वापरत होता.

निर्णायक पुरावा एका सैल पट्टीखाली सापडला. डाव्या बाजूच्या दुसऱ्या थरातली पट्टी सरस सुटल्यामुळे हलत होती आणि तिला दोनच बारीक खिळ्यांनी धरून ठेवले होते. सुतार ज्यांना चुका म्हणतात, तसले हे खिळे. खिळ्यांशिवायच्या चौकटीचा समज इथे संपला. (खाचांत खाच अडकवून खरोखरच खिळ्यांशिवाय उभ्या केलेल्या चौकटीही त्या काळी होत असत, त्यामुळे समज अगदीच निराधार नव्हता, तो दुसऱ्या प्रकारच्या चौकटीबद्दलचा होता.) मालकांच्या संमतीने ती पट्टी न तोडता उचलली. तिच्या खालच्या अंगावर तीन गोष्टी होत्या. एका कडेला छापील कागदाच्या झालरीची अरुंद, फाटकी रेघ चिकटलेली होती. दुसऱ्या टोकाला सारख्या अंतरावर खिळ्यांची चार रिकामी भोके होती, ज्यांचा या चौकटीत काहीच उपयोग नव्हता. आणि मधोमध दाबून उमटवलेल्या रोमन अक्षरांचा अर्धा कापला गेलेला मजकूर होता: ‘फॅक्ट्री नं.’, त्यापुढे अंकाचा तुकडा, आणि खालच्या ओळीत ‘डिस्ट’ एवढीच अक्षरे.

अमेरिकेत १८६० च्या दशकात महसुलासाठी सिगारवर कर बसवण्यात आला. सिगार पेटीत भरूनच विकायच्या, पेटीवर कराचा शिक्का लावायचा आणि कारखान्याचा क्रमांक व महसुली जिल्हा पेटीवर नोंदवायचा, असे नियम त्या दशकाच्या उत्तरार्धात आले. एकदा रिकामी झालेली पेटी पुन्हा सिगारसाठी वापरण्यास मनाई होती. परिणामी चांगल्या लाकडाच्या, पातळ, सुबक पेट्या दुकानादुकानांतून फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळू लागल्या. चाकू हाताशी असलेल्या माणसाला याहून सोयीचा माल मिळणे कठीण होते. फळीच्या कडेला खाचा घेण्याची कला जर्मन भाषक प्रदेशांत आधीपासून होती. तिची आणि सिगारच्या पेटीची गाठ पडली आणि थरांवर थर चढवलेल्या चौकटी, पेट्या, कपाटे यांची एक लोककला उभी राहिली. तिला पुढे ‘ट्रॅम्प आर्ट’ म्हणजे भटक्यांची कला असे नाव मिळाले. हे नाव १९५९ मधल्या एका लेखामुळे रूढ झाले, कारागिरांनी स्वतः ते कधी वापरलेले नाही. नावामुळे गैरसमजही पसरला. नंतरच्या अभ्यासातून जे कारागीर ओळखता आले, त्यांतले बहुसंख्य एका जागी राहणारे, दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी घरी चाकू घेऊन बसणारे लोक होते.

कारखाना क्रमांक आणि महसुली जिल्हा यांची नोंद असलेले लाकूड १८६० च्या दशकाच्या अखेरीच्या आधीचे असू शकत नाही. ते लाकूड चौकटीच्या आतल्या थरात, मूळ सरसाखाली होते. दुरुस्तीत नंतर घातलेले असण्याची शक्यता नव्हती. दोनशे वर्षांचा दावा इथे पूर्णपणे संपला. चौकट अमेरिकेतच बनली, असे मात्र या अक्षरांवरून म्हणता येत नाही. पेटी तिथली आहे. रिकामी पेटी कुठेही जाऊ शकते.

खिळ्यांनी ही मर्यादा थोडी पुढे सरकवली. हाताने घडवलेला खिळा चारही अंगांनी निमुळता असतो. अठराव्या शतकाच्या शेवटी आलेला, पत्र्यातून कापलेला खिळा दोनच अंगांनी निमुळता होतो. तारेपासून केलेला गोल खिळा सर्वत्र जाडीला सारखा असतो आणि त्याच्या डोक्याखाली यंत्राच्या पकडीचे बारीक ओरखडे असतात. इथले खिळे तारेचे होते. तारेचे मोठे खिळे १८८० आणि १८९० च्या दशकांत प्रचलित झाले, हे नियम म्हणून सांगितले जाते आणि ते ढोबळमानाने बरोबर आहे. पण तारेचे अगदी बारीक खिळे फ्रान्समध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून बनत होते आणि पेट्या व चौकटी करणारे ते वापरत होते. केवळ तारेच्या बारीक खिळ्यावरून १८८० ची सीमारेषा आखणे धोक्याचे ठरते. पेटीचे लाकूड आणि सर्व थरांत सर्रास वापरलेले हे खिळे एकत्र धरले, तर १८८० च्या सुमारापासून पुढचा काळ सर्वाधिक संभवतो, एवढेच म्हणणे योग्य.

आता उलट्या दिशेने शंका घेणे भाग होते. जुन्या सिगारच्या पेट्या आजही मिळतात, आणि त्यांतून कालपरवा केलेली चौकटही हीच अक्षरे दाखवील. जुने लाकूड म्हणजे जुनी वस्तू नव्हे, ही शंका दूर झाल्याशिवाय वरचा सगळा पुरावा अर्धवटच राहतो.

त्यासाठी खाचांच्या आतला भाग पाहिला. जुन्या फळीला नवी खाच घेतली, की आतले लाकूड फिकट दिसते. ते लपवण्यासाठी रंग लावावा लागतो आणि तो रंग आडव्या तंतूंत जास्त मुरून खाचेचे तळ वरच्या पृष्ठभागापेक्षा काळे दिसतात. इथे पट्टीचा उघडा भाग आणि खाचांच्या उतरत्या बाजू यांचा रंग सारखाच गडद होता, आणि वरच्या थराने झाकलेला भाग एका स्पष्ट रेषेपासून पुढे फिकट होता. म्हणजे खाचा घेतल्यानंतर आणि थर रचल्यानंतर लाकूड जागच्या जागी काळवंडले होते. पॉलिश अतिनील प्रकाशात नारिंगी चमकत होते, ही लाखेची खूण आहे; ते खाचांत ओघळून साठले होते आणि तिथे त्याला जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. भेगांत धूळ घट्ट बसलेली होती, वरून भुरभुरवलेली नव्हती. सरस काचेसारखा ठिसूळ झाला होता आणि कोमट पाण्याच्या थेंबाने मऊ पडला, म्हणजे तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा पारंपरिक सरस होता. पांढरा कृत्रिम गोंद लवचीक राहतो आणि असा वागत नाही.

दोन खाचांमधली अंतरे ६ ते ८ मि.मी. अशी बदलती होती आणि प्रत्येक खाचेचा एक उतार दुसऱ्यापेक्षा किंचित खोल गेलेला होता, सगळीकडे एकाच बाजूचा. एकाच हाताची ही सवय साऱ्या चौकटीभर दिसते. अपवाद फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या बदामाचा. तिथे खाचा समसमान आहेत, लाकूड वेगळे आहे आणि त्यावर सोनेरी रंग आहे. हा सोनेरी रंग इतर बदामांवरही आहे, पण झिजलेल्या कडांवरून आणि खाचांतल्या धुळीवरून चढवलेला आहे. तो पितळेच्या भुकटीचा रंग होता, म्हणून आता हिरवट तपकिरी पडला होता. खरे सोने असे काळवंडत नाही. कोणीतरी तुटलेला बदाम नवा करून बसवला आणि तो वेगळा दिसू नये म्हणून चारही रंगवून टाकले. जुन्या वस्तूवरची अशी दुरुस्ती, तिच्यातला भाबडेपणा ओळखूनही, प्रस्तुत लेखकाला कधी राग आणत नाही.

फोटोबद्दल थोडक्यात. तो अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचा होता. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसत होते आणि उजळ भाग पिवळे पडले होते. ही पद्धत १८५० पासून शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. फोटोचा पुठ्ठा कॅबिनेट कार्ड या १८६० च्या दशकात आलेल्या आकाराचा होता. मूळचा सुमारे १६.५ बाय १०.८ सें.मी. असणारा हा पुठ्ठा कात्रीने कापून १५ बाय १० चा केला होता, आणि त्या कापात खालच्या बाजूचे स्टुडिओचे नाव गेले होते. ज्या चौकटीसाठी फोटो कापावा लागतो, ती त्या फोटोसाठी केलेली नसते. तो चौकटीपेक्षा जुना असेल किंवा नसेल. तिच्या वयाविषयी तो काहीच सांगत नाही.

प्रयोगशाळेत लाकडाचे वय काढता येईल का, हे मालकांनी विचारले होते. वर्षवलयांची मोजणी करायला सलग पुष्कळ वलये आणि त्या झाडाचा, त्या प्रदेशाचा संदर्भक्रम लागतो; काही सेंटिमीटरच्या पट्टीत ते शक्य नाही. किरणोत्सारी कार्बनची चाचणी साधारण १६५० ते १९५० या काळातल्या नमुन्यांना इतकी पसरट उत्तरे देते की तिचा इथे उपयोग नव्हता. शिवाय दोन्ही पद्धती झाड कधी वाढले ते सांगतात, चौकट कधी बनली ते नाही. खर्च करू नये, असाच सल्ला दिला.

वरची कालमर्यादा खालच्या इतकी पक्की नाही. पहिल्या महायुद्धानंतर सिगारेटने सिगारची जागा घेतली, पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या आणि ही कला १९४० च्या दशकापर्यंत जवळजवळ थांबली. कृत्रिम गोंदाचा, प्लायवूडचा किंवा नव्या धर्तीच्या स्क्रूचा मूळ भागांत मागमूस नसणे या काळाशी सुसंगत आहे, मात्र एखाद्या गोष्टीचा अभाव हा दुबळा पुरावा असतो. म्हणून नोंदीत पुढीलप्रमाणे लिहिले: ‘सिगारच्या पेट्यांच्या लाकडातून हाताने कोरून थर चढवलेली चौकट, अंदाजे १८८० ते १९३०, कारागीर अज्ञात, एक बदाम, सोनेरी रंग, काच व पाठ नंतरची, छायाचित्र मूळचे नाही.’

सोनेरी रंग काढू नये असे ठरले, कारण तो काढताना खालची लाख उखडली असती. हार्डबोर्ड जाऊन त्याजागी आम्लरहित पुठ्ठा बसला. सैल पट्टी पुन्हा सरसानेच चिकटवली. त्याआधी तिच्या पोटावरच्या अक्षरांचे मोजपट्टीसह छायाचित्र घेतले आणि त्याची एक प्रत पाठीच्या पुठ्ठ्याआड ठेवली.